करमाफी म्हणतात तेव्हा ते पैसे भरतं कोण? प्रचाराला आलेल्यांना नक्की काय विचारायचं?

कोपरीकर:

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय, थोडं लांबेल पण वाचा प्लीज.

आमची बिल्डिंग कोपरीत, ठाणे पूर्वेला. घर ४६० स्क्वेअर फूट. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान आहे आणि गेल्या आठ दिवसांत तीन पॅनलवाले सोसायटीत येऊन गेले. ठाण्याची मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची, माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता नववीत आहे. मार्च २०२२ पासून तर नगरसेवकच नाहीत, प्रशासकच बजेट मांडतो आणि तोच मंजूर करतो. त्यामुळे इतक्या वर्षांनी कुणी मत मागायला दारात आलं याचं खरंच बरं वाटलं, आम्ही खुर्च्या लावल्या, चहा केला.

तिघांनीही मालमत्ता कराचं बोलणं काढलं. एकाने सांगितलं पाचशे फुटांपर्यंत पूर्ण माफ करू, दुसरा म्हणाला सातशेपर्यंत, तिसऱ्याने सोबत पाणीपट्टीही धरली. माझे सासरे वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टूलरूमला होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, घरात हिशोब अजून तेच ठेवतात. त्यांनी शांतपणे विचारलं, की ते सगळं ठीक आहे, पण मग रस्ता, गटार, कचरा याला पैसे कुठून आणणार? तर उमेदवारासोबत आलेला एक मुलगा म्हणाला, "काका तुम्ही कशाला टेन्शन घेता, निधी वरून येतो." सगळे हसले आणि विषय पुढे गेला. सासरे नाही हसले, जेवतानाही गप्पच होते. मग म्हणाले, वरून म्हणजे कुठून गं? तिथे काय झाड आहे?

ते माझ्या डोक्यातून जाईना. रात्री तिन्ही पत्रकं टेबलावर ठेवली आणि पेन घेऊन बसले. "माफ", "मोफत", "निधी आणला", "मंजूर करून घेतला" हे शब्द इतक्या वेळा आलेत की मोजायचं सोडून दिलं. "कर" हा शब्द फक्त "माफ" च्या शेजारीच येतो, एकटा कुठेच नाही. आणि "खर्च" हा शब्द तिन्ही पत्रकांत मिळून एकदाही नाही. म्हणजे मिळणार काय ते सगळं आहे, लागणार किती ते काहीच नाही.

अजून एक. माफी कशाची करतात? चूक झाली असेल तर माफी. मी दर वर्षी वेळेत बिल भरते, माझी काय चूक झालीय की हे मला माफ करतायत? कर्जमाफी, करमाफी, दंडमाफी, या शब्दातच देणारा वर आणि घेणारा खाली बसतो असं मला वाटायला लागलंय.

तर प्रश्न असा, की प्रभागात चार नगरसेवक निवडायचे म्हणून चार मतं द्यायची आहेत, परत येतील तेव्हा यांना नेमकं काय विचारू की "वरून येतो" च्या पुढे काहीतरी बोलतील? कुठल्या पार्टीला मत द्या ते सांगू नका प्लीज, ते घरात ठरेल.


खर्चाची वही:

ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी नौपाड्यात एका सीए ऑफिसमध्ये अकाउंट्स बघतो, मालमत्ता कराची बिलं रोज हातात असतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमचंच बिल काढा. त्यात एक आकडा नसतो, बऱ्याच ओळी असतात: सामान्य कर, जललाभ कर, मलनिःसारण, रस्ता, वृक्ष, शिक्षण आणि शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर, जो महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. तुमच्या ४६० फुटांच्या घराला आत्ता जी सूट आहे ती सामान्य कराची आहे. म्हणून लोक म्हणतात ना, अरे माफ झालं होतं मग बिल कसलं आलं? हा गोंधळ मुंबईतही झालाय. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या जाहीरनाम्यात शिवसेनेने पाचशे फुटांचं वचन दिलं, २०१९ मध्ये कायदा बदलला तेव्हा सुटला फक्त सामान्य कर, बाकीच्या ओळी तशाच राहिल्या, आणि पूर्ण माफीची घोषणा झाली १ जानेवारी २०२२ ला. म्हणजे एका शब्दाला पाच वर्षं लागली आणि मधल्या काळात तो शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला गेला. त्यामुळे पहिला प्रश्न हाच करा, पूर्ण माफ म्हणजे बिलातल्या कुठल्या कुठल्या ओळी? बोट ठेवून दाखवा. राज्याचा कर माफ करायचा अधिकार नगरसेवकाला नाहीच, ते त्यांना माहिती आहे का हेही लगेच कळेल.

आता "वरून येतो" बद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर कुणी बोलत नाही. हे वाक्य आलं कुठून? पूर्वी महापालिकेची स्वतःची मोठी कमाई जकात होती, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. माझे वडील टेम्पो चालवायचे, नाक्यावर रांगेत दोन दोन तास थांबलेत, जकात चांगली होती असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तो पैसा महापालिकेचा स्वतःचा होता. मग एप्रिल २०१३ पासून ठाण्यात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, २०१४ च्या निवडणुकीत तो घालवण्याचं आश्वासन भाजपने दिलं आणि १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या सगळ्यांचा गेला. उरलेलं जुलै २०१७ ला जीएसटीत गेलं. त्याच्या बदल्यात राज्याने कायदाच केला, की महापालिकांना दर महिन्याला नुकसानभरपाई द्यायची आणि ती रक्कम दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची.

म्हणजे बघा, हे पैसे आधी आपले होते, कर बदलला म्हणून आता राज्याकडून फिरून येतात. कायद्याने येतात. कुणाच्या शब्दावर, कुणाच्या ओळखीवर, कुणाच्या पार्टीचं सरकार वर आहे म्हणून येत नाहीत. विशेष निधी, योजनांचा निधी असतो, तो वेगळा, तिथे ओळख चालते. पण स्टेजवरून दोन्ही एकत्र करून सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळंच कुणीतरी आणून दिलंय. बेंचवर, बसथांब्यावर, उद्यानाच्या कमानीवर "यांच्या निधीतून" लिहिलेलं असतं ना, मला प्रत्येक वेळी वाटतं खाली एक ओळ हवी, की हा निधी तुमच्याच करातला आहे.

आणि करमाफीबरोबर गुपचूप काय राहून जातं तेही सांगतो. एलबीटी गेला म्हणून सत्कार झाले. पण ठाण्यात घर घेताना स्टॅम्प ड्यूटीत त्याच नावाचा एक टक्का आजही आहे. एप्रिल २०२२ पासून मेट्रो सेसचा आणखी एक टक्का. मूळ पाच, असे मिळून सात. ८० लाखांचा फ्लॅट घेणारा माणूस ५ लाख ६० हजार भरतो, त्यातले ८० हजार एलबीटीच्या नावाचे आणि ८० हजार मेट्रोच्या नावाचे. घोडबंदरला फ्लॅट बुक करणाऱ्या किती पोरांना हे माहिती असतं? त्यांचा बिल्डर सांगतो "स्टॅम्प ड्यूटी सात टक्के" आणि संपलं.


ऐरोली ते विक्रोळी:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

मी रोज ऐरोली नाक्यावरून गाडी घेऊन जायचो, ४५ रुपये. १४ ऑक्टोबर २०२४ ला कॅबिनेटने मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल बंद केला, दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. दुसऱ्या दिवशी आचारसंहिता लागली. निवडणुकीसाठी केलं? हो, नक्कीच. पण माझे पैसे वाचले आणि त्याहून जास्त म्हणजे सकाळचा अर्धा तास वाचला. आम्ही इनकम टॅक्स भरायचा, पेट्रोलवर टॅक्स भरायचा, गाडी घेताना रोड टॅक्स भरायचा आणि वर पुलावरून जायचं तरी पैसे. मग कधी एखादी गोष्ट माफ झाली तर लगेच "पण पैसे कुठून" असं मध्यमवर्गालाच का विचारतात सगळे? मोठ्या कंपन्यांचं काही सुटलं तर कोणी सोसायटीत मीटिंग घेत नाही.


खर्चाची वही:

दादा राग नाही, टोल जायलाच हवा होता असं मलाही वाटतं, त्या पुलाचा खर्च केव्हाच वसूल झाला अशी भावना सगळ्यांचीच होती. मी एवढंच म्हणतो की बोर्डावर दोन्ही बाजू लिहा. टोल वसुलीचा करार अजून संपलेला नव्हता, म्हणजे त्या कंपनीची भरपाई सरकारवर आली. मोठ्या ट्रकना टोल आहेच, तो भाजीच्या भावात येतो. आणि त्याच आठवड्यात राज्याने १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरचं काम ५०० ला नेलं. साधे करार, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, छोटी छोटी कामं. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना पुढे सूट दिली ती चांगली गोष्ट. पण टोलमाफीचे बॅनर प्रत्येक चौकात होते आणि स्टॅम्पवाढीचा एकही बॅनर मला दिसला नाही. आमच्या ऑफिसात मात्र रोज दोन जण येऊन भांडायचे की कालपर्यंत शंभर होते.


पोळीभाजी:

मला पण बोलायचंय कारण फुकट फुकट म्हणून सगळे शेवटी आमच्यावरच येतात.

मी खाडीपलीकडे चाळीत राहते, डबे करते, १४ डबे आहेत सध्या. मिस्टर रिक्षा चालवतात. मला लाडकी बहीणचे पैसे येतात, जुलै २०२४ पासून, १५००. त्यातून सिलेंडर घेते, उरलेले मुलीच्या क्लासला, ते पैसे आले नसते तर क्लास बंद केला असता हे खरं सांगते. त्यामुळे कोणी रेवडी म्हणालं की मला फार लागतं. पंतप्रधान २०२२ मध्ये रेवडी म्हणाले होते तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग दोनच वर्षांत सगळ्याच पार्ट्यांनी आमच्या नावाने बोली लावली. सत्तेतले म्हणाले १५०० चे २१०० करू, विरोधातले म्हणाले ३००० देऊ. बहीण म्हणून कोणी येऊन विचारलं नाही की बाई तुला काय पाहिजे.

आणि आम्ही टॅक्स भरत नाही असं म्हणू नका. मी तेल, मसाला, भांड्याचा साबण, डब्याची प्लास्टिकची पिशवी, फोनचा रिचार्ज सगळ्यावर भरते, बिल नाही मिळत म्हणून दिसत नाही एवढंच. सप्टेंबर २०२५ मध्ये अंघोळीच्या साबणाचा आणि टूथपेस्टचा जीएसटी १८ चा ५ झाला तेव्हा टीव्हीवर बचत उत्सव म्हणत होते. बचत झाली, चांगलंय. पण म्हणजे त्याच्या आधी आठ वर्षं आम्ही साबणावर १८ टक्के भरत होतो ना? तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की ताई तुमचा पण हातभार लागतोय देशाला. उत्सव कमी केल्याचा करतात, घेतल्याचं नाव पण नाही.

मला ते पंधराशे नको असं नाही, हवेत. पण आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी रात्री दोनला येतं कधी येतच नाही, टँकरला महिन्याला आम्ही चाळवाले मिळून पैसे काढतो. कोणीतरी सरळ येऊन सांगावं की पंधराशे आणि पाण्याची लाइन दोन्ही होईल का, नसेल होत तर कुठलं आधी. मी समजून घेईन. आम्हाला हिशोब कळत नाही असं धरून बोलतात, १४ डबे चालवते मी, मला हिशोब कळतो.


घणसोली सेक्टर ७:

ताई तुमचं वाचून मला जरा थांबायला झालं. मी आयटीत आहे आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझा सूर आत्तापर्यंत तोच होता, की टॅक्स आम्ही भरतो आणि वाटतात दुसऱ्यांना. पगारातून कापून जातो तो दिसतो म्हणून राग येतो, दुसऱ्याचा दिसत नाही म्हणून वाटतं तो भरतच नाही. साबणाचं उदाहरण मी विसरणार नाही.

पण माझी एक तक्रार राहतेच, ती आकड्यांची. लाडकी बहीण जाहीर झाली जून २०२४ मध्ये, तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सरकारनेच सांगितलं. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये तरतूद आली ३६ हजार कोटींची. म्हणजे २१०० तर सोडाच, पहिल्या अंदाजाहून दहा हजार कोटी कमी. त्याच बजेटमध्ये महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारी रक्कम, ४५,८९१ कोटी आणि राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर जाणार असं लिहिलेलं आहे. हे सगळं बजेटच्या पुस्तकात आहे, काही लपवलेलं नाही, पण सभेत हे कोण बोलतं? सरकारवालेही नाही आणि विरोधकही नाही, कारण त्यांचा आकडा ३००० चा होता, त्यांच्या बेरजेत तर अजून मोठं भगदाड पडलं असतं.

पुढे तेच पैसे कुठून तरी आलेच. सीएनजीच्या खाजगी गाड्यांचा टॅक्स एक टक्का वाढला. जून २०२५ ला भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क दीडपट झालं, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असं सरकारने सांगितलं. माझा दारूवरच्या टॅक्सला विरोध नाहीये, पण द्यायचं नाव बहीण आणि घ्यायचं नाव सरकारी अधिसूचना, हा फरक बघा. देताना नातं सांगतात आणि घेताना कलम सांगतात.

मला वाटतं कोपरीकर ताईंनी हेच विचारावं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना पत्र लिहून सुचवलं होतं की आश्वासन दिलं तर किती लोकांना, किती खर्च आणि तो भागवणार कसा, कर वाढवून की कर्ज काढून की दुसरा खर्च कापून, हे एका ठराविक नमुन्यात लिहून द्या. बऱ्याच पक्षांनी त्याला विरोध केला. आयोग सक्ती करू शकला नाही तरी तो नमुना आपण मतदार वापरू शकतो की. सोसायटीच्या लेटरहेडवर छापून हातात द्या, म्हणावं भरून द्या.


नेरुळ पूर्व:

आमच्याकडे नवी मुंबईत अगदी उलट भाषा आहे, म्हणून लिहितोय. इथे माफीपेक्षा जास्त चालतं ते "करवाढ नाही". इथले जुने नेते गणेश नाईक यांनी वीस वर्षं कर वाढवणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो पाळला हे आमच्या वडिलांच्या पिढीला फार मोठं वाटतं. मलाही वाटतं, शब्द देऊन पाळणारे किती असतात? इथे पाणी स्वस्त आहे, मोरबे धरण महापालिकेचं स्वतःचं आहे, ते घेतलं तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती आणि आज उन्हाळ्यात त्याची किंमत कळते.

पण मला यातून एक प्रश्न पडतो, तो कुठल्या एका पार्टीला नाही. दर तोच ठेवला आणि विजेचं बिल, पंपिंग, कचरागाडीचं डिझेल, कामगारांचे पगार हे सगळं तर वाढतंय, मग तोल कसा सांभाळला? उत्तर असं, की शहर वाढत गेलं, नवीन टॉवर आले, विकास शुल्क आलं, सरकारी अनुदान आलं. म्हणजे जुन्या घराचा कर न वाढण्याचा भाग नवीन घर घेणाऱ्याने उचलला. जागा संपल्यावर काय? आमच्या नोडमध्ये आता रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगा सोडल्या तर मोकळं काही उरलं नाही. मुलांना हे सांगून ठेवायला हवं की नाही? "करवाढ नाही" हे वचन देणाऱ्याने "आणि म्हणून अमुक होणार नाही" हेही सांगितलं तर मी त्याला जास्त मान देईन.

बाकी पेट्रोलचं तर बोलायलाच नको. केंद्र म्हणतं राज्याने व्हॅट कमी करावा, राज्य म्हणतं केंद्राने एक्साइज. जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलचा व्हॅट २६ चा २५ टक्के झाला, लिटरला ६५ पैसे. पेपरात हेडलाइन "दिलासा".


निवृत्त, खारेगाव:

मी मंत्रालयात ३१ वर्षं काढली, वित्ताशी संबंधित टेबलावर बरीच वर्षं होतो. सगळ्यांचं वाचलं, तरुण मंडळी इतकं बारकाईने बघतायत याचा आनंद झाला. एक जुनी गोष्ट सांगतो, कारण सगळ्यांच्या बोलण्यातून असं वाटायला लागलंय की करावर लोकांशी सरळ बोलताच येत नाही. येतं. आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे.

तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर आला कसा हे आजच्या नोकरदारांपैकी फार थोड्यांना माहिती असेल. १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा शाळेत, आमचं गाव माणदेशातलं, आई आणि मोठी बहीण खडी फोडायला जायच्या, तिथे सुकडी खायला मिळायची. त्या दुष्काळात रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, कल्पना त्यांची. मागेल त्याला काम द्यायचं म्हणजे पैसा लागणार हे उघड होतं. तर त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि सांगितलं गेलं की शहरात ज्याला नोकरी धंदा आहे त्याच्याकडून थोडं घेऊन गावात ज्याला काम नाही त्याला काम द्यायचं. १९७७ ला हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. विरोधी पक्षातल्या मंडळींनीही त्यासाठी गावोगाव रान उठवलं होतं. तुमच्या दुकानांच्या आणि ऑफिसांच्या मालमत्ता कराच्या बिलावर रोजगार हमी कर म्हणून ओळ असते ना, तीही त्याच घरातली. पुढे २००५ ला केंद्राने देशासाठी असा कायदा केला, पण त्याच्या कितीतरी आधी मुंबई ठाण्याच्या नोकरदाराने ते पैसे भरलेत.

मी हे सगळं सोन्याचं होतं असं म्हणत नाही. हजेरीपटावर खोटी नावं मी स्वतः फाइलमध्ये बघितलीत. पण कर कुणाकडून, कशासाठी, कुणाला, हे तिन्ही एका वाक्यात सांगता येत होतं. आणि लोकांनी दिला. माझ्या बहिणीला त्या खडीच्या कामाचे पैसे मिळाले, मी नोकरीला लागल्यावर माझ्या पगारातून तो कर कापला गेला, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट वाटायचं की हे मी परत देतोय.

याच्या उलट उदाहरणही सांगतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. दुष्काळासाठी म्हटल्यावर आमच्या आसपास कोणी हूं का चूं केलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. अधिभार राहिला. असं एकदा झालं की पुढच्या वेळी खरंच गरज असताना माणूस विश्वास ठेवत नाही, नुकसान त्या दोन रुपयांपेक्षा मोठं होतं.

आणि केंद्राचं एक जाता जाता. सेस आणि सरचार्ज (उपकर आणि अधिभार) या नावाने जे गोळा होतं त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, बाकीच्या करांतला ४१ टक्के द्यावा लागतो. त्यामुळे करावर भाषण ऐकताना कर म्हणतायत की सेस म्हणतायत तिकडे कान ठेवा. नावात बराच पैसा असतो.

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांना माझ्याकडून एवढंच सांगा, महापालिकेचं बजेट साइटवर असतं, मराठीत असतं. जमेच्या बाजूला "अनुदाने" आणि "मालमत्ता कर" ही दोन शीर्षकं बघा, खर्चाच्या बाजूला "महसुली" आणि "भांडवली". महसुलीत पगार, वीज, दुरुस्ती. भांडवलीत नवीन कामं. कर कमी करून महसुली खर्च तेवढाच राहिला तर कात्री कुठे चालते? भांडवलीवर, म्हणजे तुमच्या नवीन पाण्याच्या लाइनवर. पोळीभाजी ताई विचारतायत ते नेमकं हेच आहे.


ऐरोली ते विक्रोळी:

काका, तुमचं वाचून स्लिप काढून बघितली. २०० रुपये. नऊ वर्षं कापतायत, मला वाटायचं काहीतरी ऑफिसचं वेल्फेअर असेल. टोलबद्दल माझं मत बदललं नाही, पण ज्या करामागची गोष्ट माहिती असते तो कमी टोचतो हे मान्य.


कोपरीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री दुसरे, म्हणजे सातशे फूट म्हणणारे परत आले होते. या वेळी मी चहा नाही केला, आधी बिल ठेवलं समोर. सासऱ्यांनी विचारलं, यातल्या कुठल्या ओळी? उमेदवार बाई आहेत, पहिल्यांदाच उभ्या आहेत. त्यांच्यासोबतच्या माणसाने लगेच सगळ्या म्हणून टाकलं, तर त्या म्हणाल्या थांबा, मला वाचू दे. चष्मा लावून पूर्ण बिल वाचलं त्यांनी. मग म्हणाल्या, काका राज्याची ओळ मला नाही काढता येणार, आणि बाकीच्यांचं मला आत्ता सांगता येत नाही, मी विचारून येते. सोबतचा माणूस नाराज दिसला. पण मला खरं सांगायचं तर गेल्या पंधरा दिवसांत ऐकलेलं ते पहिलं वाक्य होतं ज्यात आम्हाला मोठी माणसं समजून बोललं गेलं. त्यांनी बिलाचा फोटो काढून नेलाय. उद्या संध्याकाळी सातला येते म्हणाल्यात.

पोळीभाजी ताई, तुमचा प्रश्न मी तुमच्याच शब्दांत लिहून घेतलाय, दोन्ही होईल का आणि नसेल तर आधी कुठलं. तो मी विचारणार आहे, आमच्याकडे पाणी येतं तरी विचारणार आहे.

सासऱ्यांनी आज स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून बजेटची पानं प्रिंट करून आणलीत, पूर्ण पुस्तक नाही, जमेचा आणि खर्चाचा गोषवारा. सकाळपासून पेन्सिल घेऊन बसलेत आणि "अनुदाने" च्या रकान्याला गोल करून ठेवलाय. खारेगावच्या काकांना विचारायला सांगितलंय, की भरपाईची रक्कम आणि योजनांचा निधी एकाच ओळीत धरतात की वेगळा? आणि मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज म्हणजे प्रत्यक्ष झालेला खर्च की परत अंदाजच? उद्या सातच्या आत सांगितलंत तर बरं होईल.